जुन्या चर्चचे कौलारू छप्पर: उतरवण्याआधी, उतरवताना आणि चढवल्यावर

वसईपासून गोव्यापर्यंतच्या किनारपट्टीवर तीनशे-चारशे वर्षांची परंपरा असलेली अनेक चर्च आजही रोजच्या मिस्सेला उघडतात. भिंती जांभ्याच्या किंवा दगडाच्या, चांगल्या जाडजूड. वर लाकडी कैच्या (छपराचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे), वासे, रिपा (कौले अडकवायच्या आडव्या पट्ट्या) आणि कौले. अशा भिंती बघून नवख्या माणसाला वाटते की याला काय होणार आहे? पण या इमारतींचा जीव छपरात आहे. जुन्या गोव्यातले संत ऑगस्टीनचे चर्च सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधून झाले. 1835 मध्ये तिथल्या ऑगस्टीनियन धर्मसंघाला गोव्यातून घालवल्यावर देखभाल थांबली, 1842 मध्ये मुख्य दालनाचे कमानी छत खाली आले आणि 1931 मध्ये दर्शनी भिंत मनोऱ्याच्या अर्ध्या भागासकट ढासळली. आज आपण बघतो तो 46 मीटर उंचीचा मनोरा म्हणजे त्यातून वाचलेला तुकडा आहे. आधी छप्पर गेले, मग भिंती गेल्या. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चच्या उघड्या भिंतींमधून फिरून या. हाच क्रम तिथेही दिसेल.

हा लेख पॅरिशच्या समितीवर नव्याने आलेल्यांसाठी, गोव्यातल्या फाब्रिकाच्या (चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या मंडळाच्या) कारभाऱ्यांसाठी आणि असे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या तरुण इंजिनिअरांसाठी आहे. माझे म्हणणे एकच आहे: पूर्ण छप्पर बदलण्याची गरज फार कमी वेळा असते, आणि ती आहे की नाही हे एक पावसाळा नीट बघितल्याशिवाय कळत नाही.

आधी कागद

पहिला प्रश्न, इमारत कोणाच्या नोंदीत आहे? ती केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे संरक्षित असेल तर तुम्ही स्वतः एक कौलही हलवायचे नाही. अर्ज, पाठपुरावा आणि लेखी तक्रार एवढेच तुमच्या हातात असते. इमारत स्वतः संरक्षित नसेल, पण शेजारी किल्ला किंवा दुसरे संरक्षित स्मारक असेल, तरी अंतर मोजा. स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र. तिथे दुरुस्तीलाही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि तिला वेळ लागतो. मुंबईत महापालिकेची वारसा यादी वेगळी आहे, गोव्यात राज्याची संरक्षित यादी वेगळी. शिवाय धर्मप्रांताची संमती लागतेच. वसई धर्मप्रांत 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. त्यामुळे वसईच्या चर्चचे जुने नकाशे आणि दुरुस्तीचे हिशेब आधी पॅरिशच्या कपाटात शोधा, नाही सापडले तर मुंबईच्या दप्तरात विचारा. 1920 साली कोणत्या गावाहून लाकूड आणले याची एखादी नोंद मिळाली तर ती आजच्या कामाला थेट उपयोगी पडते.

एक पावसाळा फक्त बघा

वही, खडू आणि चांगली बॅटरी घेऊन माळ्यावर चढा. पाणी जिथे टपकते तिथेच कौल फुटलेले असेल असे धरून चालू नका. थेंब वाशाच्या पाठीवरून घरंगळत दहा-बारा फूट खाली येतो आणि मग गाठ किंवा खिळा भेटला की सुटतो. ओल वाशाच्या अंगाने वर कुठवर गेली आहे ते बघा, तिथे खडूने खूण करा आणि वहीत तारीख, वाऱ्याची दिशा आणि पावसाचा जोर लिहा.

चार-पाच जोरदार सरींनंतर वही बोलू लागते. वाऱ्यासकट पाऊस असतानाच गळत असेल तर दोष बहुधा कौलांच्या सांध्यात, सरकलेल्या ओळीत किंवा आढ्यावरच्या कोन्यांत (आढे झाकणाऱ्या कौलांत) असतो. वारा नसतानाही एकाच जागी धार लागत असेल तर तिथले कौल फुटले आहे. आणि पाऊस थांबून तास-दोन तास झाले तरी भिंतीतून पाणी झिरपत असेल, तर कौलांचा पिच्छा सोडा आणि पन्हळीकडे जा.

चर्चच्या बाबतीत एक जागा घरापेक्षा वेगळी आणि सगळ्यांत वाईट असते. दर्शनी भिंत छपरापेक्षा उंच चढवलेली असते. समोरून ती देखणी दिसते, पण तिच्या पाठीला छप्पर जिथे येऊन टेकते तिथे पाण्याला जायला अरुंद घळ उरते. त्या घळीत कबुतरांची विष्ठा, पिंपळाची रोपे, फुटक्या कौलांचे तुकडे आणि आधीच्या तीन-चार दुरुस्त्यांचे सिमेंट साचलेले असते. पाणी तुंबते, भिंतीत मुरते आणि गायकांच्या माळ्यावरची पहिली कैची कुजवते. मी कुठल्याही चर्चची पाहणी इथूनच सुरू करतो, आणि तुम्हीही इथूनच करा. त्यानंतर घंटाघराचा सांधा, साक्रिस्तीचे (वेदीलगतच्या, पूजेचे साहित्य ठेवायच्या खोलीचे) छप्पर मुख्य छपराला मिळते ती जागा आणि वळचणीची शेवटची ओळ.

या सगळ्यावर एका मे महिन्यात नजर टाकून अंदाजपत्रक देणाऱ्या माणसाला नम्रपणे परत पाठवा.

लाकूड काय सांगते

कौल फुटले तर दहा मिनिटांत बदलता येते. खरी चिंता लाकडाची. वाशाचे टोक भिंतीच्या माथ्यावर जिथे टेकते तिथे हवा लागत नाही आणि ओल सुकत नाही. मधला वासा टणक आणि शेवटचा हात-दीड हात भुसभुशीत, असे कितीतरी ठिकाणी दिसते. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. चांगल्या सागाचा आवाज खणखणीत येतो, पोखरलेल्याचा बद्द. पेचकस टोचून बघा. वाशाखाली पिवळसर ताजी भुकटी पडत असेल तर भुंगा आत जिवंत आहे. भुकटी जुनी, काळवंडलेली असेल तर तो कधीच जाऊन गेला असू शकतो, म्हणून जागा झाडून घ्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. भिंतीवरून वर चढलेली मातीची नळी म्हणजे वाळवी. तिचा बंदोबस्त जमिनीपासून करावा लागतो, नुसत्या वाशावर औषध मारून काही होत नाही.

कैचीची खालची आडवी तुळई विशेष जपा. दोन्ही बाजूंचे वासे भिंतींना बाहेर ढकलत असतात आणि ही तुळई त्यांना धरून ठेवते. वेदीचे दृश्य मोकळे दिसावे किंवा पंखे नीट बसावेत म्हणून ती कापलेली असेल, तर भिंत आत्तापर्यंत थोडीफार बाहेर झुकलीच असेल. ओळंबा लावून मोजा. अशा वेळी जुन्या लाकडी बांधकामाचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर आणल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका.

स्लॅब नको, पत्राही नको

समितीच्या बैठकीत कोणीतरी हमखास म्हणते, “एकदाच स्लॅब टाका आणि मोकळे व्हा.” भावना चांगली असते, हिशेब चुकीचा असतो. मंगळुरी कौले चौरस मीटरला साधारण 15 लागतात, एका कौलाचे वजन अडीच किलोच्या आसपास, म्हणजे 40 किलोच्या आत. रिपा आणि वासे धरले तरी बहुधा शंभरी गाठत नाही. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब चौरस मीटरला 300 किलोच्या पुढे जातो. 30 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद दालनावर हा फरक साठ टनांहून जास्त होतो, आणि तो चुन्यात बांधलेल्या, आधीच ओल खाल्लेल्या भिंतींच्या डोक्यावर बसतो. त्यात आतली सळई समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजू लागली की स्लॅब फुगून फुटतो, तेव्हा तो उतरवताना भिंतही सोबत येते.

रंगीत पत्रा हलका असतो, हे खरे. पण पावसात त्याखाली फादरांचे प्रवचन ऐकू येत नाही, उन्हात दालन तापते, थंडीतल्या पहाटे आतल्या बाजूने दव धरते आणि ते नेमके लाकडावर ठिबकते. सगळ्यांत मोठा दोष म्हणजे खाली काय कुजते आहे ते दिसत नाही. सिमेंटचे जुने पत्रे बसवलेले असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चाला. ते फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत. पाणी मारून, मास्क घालून अखंड उतरवायचे आणि अशा कचऱ्याची परवानगी असलेल्याकडेच द्यायचे. स्वयंसेवक तरुणांच्या हाती हे काम कधीही देऊ नका.

कौले निवडणे

आज आपण ज्यांना पारंपरिक मानतो ती चपटी मंगळुरी कौले मुळात कारखान्याची. बासेल मिशन या युरोपीय ख्रिस्ती मिशनने मंगळुरात 1865 मध्ये कारखाना सुरू केला आणि तिथून ती किनाऱ्याने पसरली. त्याआधी सगळीकडे नळीची, म्हणजे अर्धगोल, कौले होती. म्हणजे सोळाव्या शतकातल्या चर्चवरचे मंगळुरी छप्परही केव्हातरी केलेली बदलीच आहे. म्हणून ते काढून नळीची कौले बसवावीत का? माझ्या मते नाही. शंभर-सव्वाशे वर्षे टिकलेले छप्पर हाही त्या इमारतीचा इतिहास आहे, आणि रिपांचे अंतर, वाशांचा उतार हे सगळे त्या कौलांसाठी जुळवलेले असते. नळीची कौले अजून शाबूत असतील तर मात्र ती हट्टाने राखा. ती घडवणारे कुंभार आता शोधावे लागतात.

जुने कौल हातात घ्या. पाठ उलटी करा: कारखान्याचे नाव, कधी वर्ष, मध्ये एखादे चिन्ह, आणि रिपेला अडकणारी दोन नाके. नाके शाबूत आहेत का ते आधी बघा. मग बोटाच्या पेराने टकटक करा. घंटीसारखा स्वच्छ आवाज आला तर चीर नाही. शेवटी कौल पालथे ठेवून खळग्यात पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी खालचा भाग दमट असला तर हरकत नाही, थेंब पडत असतील तर ते बाद. बासेल मिशनचे शिक्के असलेली फुटकी कौलेही फेकू नका, चार-पाच नमुने पॅरिशमध्ये जपून ठेवा.

नवीन कौले आणताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सगळी मंगळुरी कौले सारखी नसतात. मंगळुरातले बरेच जुने कारखाने बंद झाले, आता गुजरातच्या मोरबीचाही माल येतो. लांबीत पाच-सात मिलिमीटरचा आणि खाचेच्या खोलीत थोडासा फरक असला तरी एकाची खाच दुसऱ्यात बसत नाही. मग कौल उचललेले राहते आणि वाऱ्याचा पाऊस आत येतो. ऑर्डर देण्यापूर्वी वीस कौले आणून जमिनीवर रिपा ठोकून मांडून बघा. जुनी आणि नवी मिसळू नका. एका पाख्यावर (छपराच्या एका उतारावर) सगळी जुनी, दुसऱ्यावर सगळी नवी, किंवा साक्रिस्तीवर नवी आणि तिथली जुनी मुख्य छपरावर, अशी वाटणी करा. पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरांची कौले मिळतात, ती याच कसोटीने निवडून घ्या. गरजेपेक्षा शेकडा दहा जास्त घ्या, कारण उरलेली पुढची वीस वर्षे कामाला येतात.

केव्हा करायचे

गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, मुंबई-वसईत 10-11 जूनच्या सुमारास. मे महिन्यात वळवाची सर कधीही येते. म्हणून उघडलेले छप्पर मेच्या पहिल्या आठवड्यात बंद झालेच पाहिजे असे ठेकेदाराच्या करारात लिहा. 2020 च्या पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या गोव्यातल्या बाँ जेझू बॅसिलिकाच्या छपराचे काम अपुरे राहिल्यावरून गोव्यात केवढी काळजी आणि ओरड झाली, ते अनेकांना आठवत असेल. टाळेबंदी कोणाच्या हातात नव्हती, पण पुढेमागे काही अडू शकते हे धरून दिवस राखून ठेवणे आपल्या हातात असते.

लाकूड आणि चुना पावसाळ्यातच ठरवा, म्हणजे साग सुकायला आणि चुना मुरायला वेळ मिळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पन्हळी आणि दर्शनी भिंतीमागची घळ करा. नाताळ आणि जानेवारीतली लग्ने होऊ द्या. मुख्य दालन उपवासकाळात (ईस्टरआधीच्या दिवसांत) उघडा. त्या दिवसांत लग्ने नसतात, मंडपात मिस्सा करायला लोकही तयार असतात. पवित्र आठवड्यापर्यंत अर्धे तरी छप्पर परत चढलेले असावे.

उतरवणे

कौलांना हात लावण्याआधी खालचे सांभाळा. मूर्ती, दिवे, चित्रे हलवा, प्रत्येकाचा फोटो आणि नोंद करा. वेदीमागचा कोरीव, सोनेरी लाकडी पडदा हलवता येत नाही. त्याच्यापुढे मचाण बांधून वर फळ्या आणि ताडपत्री टाका, पडद्यावर सुती कापड सोडा. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि सोन्याचा वर्ख सुटतो. वेदीवरचे छत रंगवलेल्या फळ्यांचे असेल तर चित्रांचे जतन करणाऱ्या तज्ज्ञाला आधी बोलवा.

मग प्रत्येक कैचीला, वाशाला क्रमांक. ॲल्युमिनियमची छोटी पट्टी तांब्याच्या तारेने बांधा, खडूची खूण पुसली जाते. सगळे फोटो त्याच क्रमांकांनी लावा.

संपूर्ण छप्पर एका वेळी उघडू नका. दोन कैच्यांमधला एक गाळा घ्या, आणि संध्याकाळी ताडपत्रीने जेवढा झाकता येईल तेवढाच सकाळी उघडा. पैसे असतील तर पाइपच्या मचाणावर पत्र्याचे तात्पुरते छप्पर उभारा. तो खर्च वाया जात नाही. कौले दोन्ही पाख्यांवरून सारखी उतरवत जा. एका बाजूचे ओझे काढून दुसरीकडचे तसेच ठेवले तर जुनी कैची कलते. गड्यांना दोर आणि पट्टा सक्तीचा करा. कौलांवर थेट पाय न देता वाशांवर टेकणारी शिडी आडवी टाकून त्यावरून चालायचे.

करारातली एक ओळ हमखास तपासा: “निघालेले साहित्य ठेकेदाराचे.” ही ओळ खोडा. जुन्या सागाला आज मोठी किंमत येते. निघालेले लाकूड ज्याच्या खिशात जाणार आहे, त्यालाच कोणता वासा कुजला हे ठरवू दिले तर सगळेच वासे कुजलेले निघतात. काढलेली प्रत्येक वस्तू चर्चच्या आवारात, नोंदीसह राहिली पाहिजे.

लाकडाची दुरुस्ती

टोक कुजले म्हणून वासा टाकून द्यायचा नाही. कुजका भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कापा आणि त्याच मापाचा सुकलेला साग लांब तिरक्या सांध्याने जोडा. सांध्याची लांबी वाशाच्या उंचीच्या किमान तिप्पट ठेवा, बोल्ट गंजरोधक पोलादाचे घ्या आणि इंजिनिअरकडून तपासून घ्या. नव्या लाकडातला ओलावा 15 टक्क्यांच्या आसपास असावा; ओले लाकूड वाळताना सांधा उघडतो. नव्या तुकड्यावर सुताराला आतल्या बाजूने वर्ष कोरायला सांगा.

किडीसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण दोन-तीन हात द्या. काजूच्या टरफलाचे तेल आपल्याकडे पूर्वापार वापरतात, ते नव्या रिपांना चालेल. गाडीचे काळे जळके तेल मात्र नको. ते आगीला आमंत्रण आहे. भिंतीत गेलेल्या टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवा. गवंडी ती बुजवायला टपलेला असतो, त्याला आधीच सांगा.

आणि वेल्डिंग, ग्राइंडर, बिडी यांना माळ्यावर पूर्ण बंदी. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला 15 एप्रिल 2019 रोजी आग लागली तेव्हा तिथे दुरुस्तीचेच काम चालू होते, आणि छपराचा ओकचा सांगाडा एका संध्याकाळीत गेला. दुपारी काम थांबल्यावर तासभर कोणीतरी वर बसून राहिले पाहिजे, पाण्याचा पाइप तयार ठेवून. जुनी वायरिंग याच वेळी बदला.

पुन्हा चढवणे

रिपांचे अंतर पुस्तकातून घेऊ नका. तुमच्या कौलांच्या दोन ओळी मांडा, एकदा ताणून आणि एकदा दाबून मोजा, आणि दोन्हींचा मध्य धरा. वळचणीपासून आढ्याकडे चढत जा. वळचणीच्या दोन ओळी, आढ्याजवळची एक आणि दोन्ही कडांची कौले तांब्याच्या तारेने बांधा. वादळात पहिली उडतात ती हीच.

आढ्यावरचे कोने चुन्यात बसवा. मुरवलेला चुना, चाळलेली वाळू, थोडी विटांची सुरकी. वर ओले गोणपाट टाकून आठवडाभर ते सुकू देऊ नका. सिमेंट लवकर आवळते म्हणून गवंड्यांना आवडते, पण लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि कडक सिमेंटला पहिल्याच वर्षी केसाएवढी चीर पडते. तिथून आत गेलेले पाणी बाहेर येत नाही. शिवाय सिमेंटमध्ये बसवलेले कौल पुन्हा अखंड काढता येत नाही. दर्शनी भिंतीमागच्या घळीत तांब्याचा किंवा जाड जस्ताचा पत्रा घाला, त्याची कड भिंतीत खाच करून चुन्याने बंद करा आणि घळ इतकी रुंद ठेवा की माणसाला आत पाय ठेवून झाडता येईल.

वळचण भिंतीपासून किती पुढे येते तेही मोजा. जांभ्याला पावसाचा मारा सोसत नाही; बाँ जेझूच्या भिंतींवरचा गिलावा 1950 च्या दशकात काढला गेला, तेव्हापासून उघडा जांभा झिजतो आहे. वासे जोडताना टोके दोन इंच आखूड करून ‘सरळ’ करून घेण्याचा मोह सुताराला होतो. तो होऊ देऊ नका, कारण ते दोन इंच पागोळ्यांना भिंतीपासून दूर ठेवतात.

दरवर्षी

मेच्या सुरुवातीला शाकारणी: सरकलेली कौले जागेवर, फुटकी बदललेली, पन्हळी आणि घळ साफ, पिंपळाचे रोप मुळासकट काढलेले. वळचणीच्या फटींना जाळी लावा, म्हणजे कबुतरे थांबतात आणि हवा खेळती राहते. फटी बुजवू नका. माळ्यात घुबडाचे घरटे दिसले तर पिल्ले उडेपर्यंत त्या भागात काम करू नका. खाली जिप्समचे किंवा थर्माकोलचे खोटे छत कोणी दान करायला आले तर आभार मानून तोच पैसा कौलांच्या साठ्यासाठी मागा. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्रीनंतर सकाळी कोणी माळ्यावर चढायचे, त्याचे नाव समितीच्या वहीत आधीच लिहून ठेवा, आणि त्याच्या सोबतीला गावातला एक विशीतला मुलगा किंवा मुलगी द्या. खडूच्या जुन्या खुणा, पट्ट्यांवरचे क्रमांक आणि गेल्या वर्षीची वही त्यांच्या हातात असू दे.